दोनदा जपलेलं

“ह्याला फूल म्हणायचं का काय म्हणायचं?” भूपालअण्णा मगदुमांनी मागावरच्या कापडाचा काठ दोन्ही अंगठ्यांनी ताणून आमच्यापुढे धरला.

इचलकरंजीतल्या त्यांच्या शेडमध्ये यंत्रमागांचा असा खडखडाट चालला होता की अण्णा ओरडून बोलत होते आणि तरी आम्हाला अर्धंच कळत होतं. कळायची गरजही नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. नऊवारीच्या लाल काठावर रुईफुलांची रांग विणली जात होती. सुरुवातीची फुलं देखणी आली होती. मग एका फुलाला पाकळ्या यायच्या तिथे पुन्हा देठच आला होता, आणि त्या देठावर खाली डोकं केलेलं अर्धं फूल. बघून मला हसू आलं आणि लगेच जिरलंही, कारण मागावर नक्षी उठवणाऱ्या डॉबी नावाच्या त्या यंत्राचा मेंदू आम्ही केला होता.

“धोट्यातली सुताची कांडी संपली, माग थांबला, नवी कांडी घातली, की तुमची डॉबी फूल विसरती,” अण्णा म्हणाले. “माझा कामगार चहा पिऊन आला तरी फूल विसरत न्हाई.”

आम्ही तिघं मान खाली घालून उभे होतो. रणधीर खराडे, म्हणजे आमचे सर. गिरिजाताई, म्हणजे सरांच्या पत्नी. आणि मी, गडहिंग्लजची पद्मजा शिंत्रे, नुकती इंजिनियर झालेली. आमची कंपनी म्हणजे एवढीच माणसं.

“पुढल्या मंगळवारी परत या,” अण्णांनी निकाल दिला. “जमलं तर चाळीस मागांना तुमचीच डॉबी बसवतो. न्हाई जमलं तर बुधवारी सुरतेचा माणूस येतोय, त्याची घेतो. राग मानू नका.”

राग मानण्याच्या परिस्थितीत आम्ही नव्हतोच. कोल्हापुरात राजारामपुरीत एका चटणी कांडपाच्या गिरणीवर आमचं ऑफिस होतं. उन्हाळ्यात खाली मिरची कुटायला लागले की वर आम्ही शिंकत शिंकत प्रोग्राम लिहायचो. पुण्यातल्या चांगल्या नोकऱ्या सोडून सर आणि ताई गावी परतले होते, आणि दोन वर्षांत धड म्हणावी अशी ही पहिलीच ऑर्डर. ती गेली तर कंपनी बंद होणार, हे उघड होतं. सरांच्या खिशात बंगळूरच्या नोकरीचं पत्र होतं. सर एकटे बंगळूरला, ताई तूर्त सासूसासऱ्यांकडे आणि मी गडहिंग्लजला बाबांनी शोधलेल्या स्थळांच्या पुढ्यात पोह्यांची बशी घेऊन, अशी एकंदर वाटणी ठरल्यात जमा होती.

परतीच्या एस.टी.त सर खिडकीशी बसले, ताई तीन बाकं सोडून बसल्या. तिकीट काढताना सर मला म्हणाले, “शिंत्रेबाई, त्यांना विचारा, सुटे आहेत का.”

बरोबर. ऐन संकटात या दोघांचा अबोला चालू होता.

आता काय बिघडलं होतं ते सांगते, फार अवघड नाही. अण्णांच्या डॉबीत आम्ही एक स्वस्तातली परदेशी चिप बसवली होती. तिच्यासाठी कंपायलर बाजारात मिळत नव्हता, म्हणून आम्हीच लिहिला होता. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. चिपच्या अगदी हाताशी आठच जागा होत्या, त्यांना रजिस्टर म्हणतात. बाकी सगळं मेमरीत, म्हणजे जरा लांब. स्वयंपाकघरात ओट्यावरची भांडी आणि माळ्यावरची भांडी, तसा हा प्रकार. कोणती गोष्ट कधी ओट्यावर ठेवायची आणि कधी माळ्यावर टाकायची हे कंपायलरला ठरवावं लागतं. खरी पंचाईत होते ती एक काम चालू असताना मधेच दुसऱ्या कामाला बोलावलं की. आलेल्या कामालाही तीच आठ भांडी लागतात.

आमचं फूल विणणारं काम फुलाची कितवी ओळ चालू आहे ते एका रजिस्टरमध्ये धरून बसायचं. कांडी संपली की ते कांडी बदलण्याच्या कामाला बोलवायचं. ते काम यायचं, त्याच रजिस्टरमध्ये स्वतःचं काहीतरी मोजायचं आणि निघून जायचं. फूल विणणारं काम परत सुरू व्हायचं तेव्हा त्याच्या जागेत भलताच आकडा. मग देठावर देठ. ऑफिसात ना माग होता ना कांडी, म्हणून हे आम्हाला कधी दिसलंच नाही.

म्हणजे आधीचा आकडा कुणीतरी जपून ठेवायला हवा होता. बोलावणाऱ्यानं बोलावण्याआधी, नाहीतर आलेल्यानं आल्या आल्या. कंपायलरमधली बोलावणाऱ्याची बाजू ताईंनी लिहिली होती आणि आलेल्याची सरांनी. दोघांपैकी एकानंही जपलं नव्हतं.

“त्यांना सांग पद्मजा,” दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, “जो दुसऱ्याच्या घरात येतो, वस्तू वापरतो, त्यानं जाताना त्या होत्या तशा ठेवून जावं. ही साधी रीत आहे.”

ताई आणि सर यांच्यामध्ये फक्त आडोशाला उभी केलेली एक प्लायवूडची पाटी होती. पाटीपलीकडून आवाज आला, “शिंत्रेबाई, त्यांना सांगा, ऐकू आलं. आणि हेही सांगा, की ज्याला आपल्या वस्तूची एवढी काळजी, त्यानं पाहुण्याला बोलावण्याआधी ती उचलून ठेवावी.”

“मी बोलावलं नव्हतं तुझ्या त्या मित्रांना!” ताई थेट पाटीला म्हणाल्या. मग एकदम भान येऊन माझ्याकडे वळल्या. “असं सांग त्यांना.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बोलणं रजिस्टरचं चाललेलंच नाही.

खरं भांडण मग मला ताईंकडून डबा खाता खाता कळलं. ताई बेळगावच्या लिंगायत, शुद्ध शाकाहारी. सर पक्के कोल्हापूरचे मराठा, रविवारी मटण झालं नाही तर त्यांना तो रविवार वाटायचा नाही. प्रेमविवाह करताना दोघांनी तह केला होता: मटणाची भांडी वेगळी, शेगडी वेगळी आणि दोन्ही मागच्या गॅलरीत. सात वर्षं तो तह नीट पाळला गेला. मग ताई भाच्याच्या बारशाला बेळगावला गेल्या आणि सरांचे मित्र जेवायला आले. एक-दोन म्हणता म्हणता दहाजण झाले. गॅलरीतलं पातेलं पुरेना. सरांनी ताईंचं पुरणाचं पातेलं काढलं आणि त्यात पांढरा रस्सा केला.

“आईनं दिलेलं पातेलं गं माझ्या!” ताईंचा घास हातातच राहिला. “वर म्हणतो, घासून ठेवलं होतं. घासून ठेवलं म्हणे! मी झाकण उघडलं आणि मला लवंगेचा वास आला.”

“सर काय म्हणाले?”

“म्हणाला, एवढं होतं तर जाताना माळ्यावर टाकून जायचंस. म्हणजे मी माझ्याच घरातून जाताना माझीच भांडी लपवून जायची!”

मीही लिंगायत घरातली, त्यामुळे लवंगेचा मुद्दा मला पटत होता. पण आमच्या गावात शेजारीपाजारी रस्सा होतो, दहाजणांना केवढं पातेलं लागतं ते मला ठाऊक होतं, त्यामुळे सरांचंही अगदीच चुकलं असं म्हणवत नव्हतं. दोन्हीकडून माझी गोची होती.

शुक्रवारी मी सरांना गाठलं. “सर, मंगळवार आला. तुम्ही तुमच्या बाजूनं जपून ठेवलंत तर एका तासाचं काम आहे.”

“का? मीच का?” सर म्हणाले. “प्रत्येक वेळी मीच? ती चूक कबूल करते का कधी?” मग आवाज खाली आला. “तसंही आता काय फरक पडतो. बंगळूरवाले सोमवारपर्यंत उत्तर मागताहेत.”

मी पाटीच्या या बाजूला येऊन ताईंनाही तेच सांगितलं. ताई म्हणाल्या, “त्याला जायचंच आहे तर जाऊ दे. मी कुणाला धरून ठेवलेलं नाही.” आणि डोळ्यांत मिरचीची पूड गेली असं सांगून खिडकी लावायला उठल्या. त्या दिवशी गिरणी बंद होती.

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. नोकरी जाणार याचं होतंच, पण ही दोघं माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत हसतं घर होती. एकाच बाकड्यावर बसून एका कीबोर्डवर भांडत प्रोग्राम लिहिणारी, चुकलं की एकमेकांच्या पाठीत धपाटे घालणारी माणसं. आणि ती पुरणाच्या पातेल्यापायी मोडायला निघाली होती. शनिवार-रविवार मी घरी जाऊन आले आणि आईशी उगाचच भांडले.

सोमवारी सकाळी आले तर दोघंही माझ्याआधी हजर. दोघंही आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर फडताळातला लाडू चोरून खाल्ल्याचा भाव.

“शिंत्रेबाई, सगळं एकत्र करून बघा जरा,” सर म्हणाले.

“बघ गं,” पाटीआडून ताईही म्हणाल्या. “आता चालेल बहुतेक.”

मी दोघांच्या बाजू एकत्र करून कंपायलर बांधला, फुलाचा प्रोग्राम त्यातून काढला आणि चिपमध्ये भरायला गेले. मशीननं तो घेतलाच नाही. प्रोग्राम चिपच्या मेमरीत मावत नव्हता. शुक्रवारपर्यंत आरामात मावत होता आणि आता त्याचं अंग दीडपट सुजलेलं.

उद्या मंगळवार. मी कंपायलरनं काढलेला चिपच्या भाषेतला मजकूर उघडला आणि ओळ न् ओळ वाचू लागले.

कांडी बदलण्याच्या कामाला बोलावण्याआधी आठही रजिस्टर नीट मेमरीत ठेवली होती. ही ताईंची बाजू. छान, म्हटलं, ताईंनी माघार घेतली. पुढे वाचलं. कांडी बदलण्याचं काम आल्या आल्या पहिली गोष्ट काय करत होतं? आठही रजिस्टर पुन्हा मेमरीत ठेवत होतं. ही सरांची बाजू. जाताना ती परत जागेवर लावत होतं. आणि ते गेल्यावर बोलावणारं काम तीच आठ पुन्हा एकदा परत लावत होतं. प्रत्येक बोलावण्याला हीच तऱ्हा. सगळ्या प्रोग्रामभर एकच गोष्ट दोघांकडून दोनदा जपलेली.

मला कळलं तेव्हा मी खुर्चीतच हसायला लागले. अगदी आवाज करून.

“काय झालं?” दोघांनी एकदम विचारलं.

“सर, सुट्टीत तुम्ही काय बदललंत?”

“मी? काही नाही. थोडी साफसफाई.”

“ताई, तुम्ही?”

“मला काय पडलंय बदलायची.”

“मग दोघंही इकडे या. पाटीच्या या बाजूला. दोघंही.”

ती आली. मी स्क्रीनवर बोट ठेवून वाचून दाखवलं. हे ताईंनी ठेवलं. हे सरांनी ठेवलं. हे सरांनी परत लावलं. हे ताईंनी परत लावलं. चिपमध्ये जागा उरली नाही ती यामुळे. दोघांनी एकमेकांना न सांगता हार मानली म्हणून.

खाली गिरणीत मिरची कुटायला सुरुवात झाली होती.

“तू ठेवलंस?” सर म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी ताईंशी बोललेले ते पहिले शब्द.

“तूही ठेवलंस की.”

“मला वाटलं, तू काही मागं सरत नाहीस.”

“मलाही तेच वाटलं.” ताई पदराशी खेळत म्हणाल्या. “म्हटलं, जाऊ दे. दर वेळी तू केलंस. एकदा मी करते.”

सर काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना शिंक आली. मग ताईंना. मग मला. तिघंही शिंकत होतो आणि शिंका थांबल्या तरी हसणं थांबेना.

पण चिपला हसण्याशी घेणंदेणं नव्हतं. कुणातरी एकाची बाजू काढून टाकायला हवी होती.

“माझी काढ,” सर म्हणाले. “तिची राहू दे. ती बरोबर आहे.”

“काही नको. त्याची राहू दे. माझीच काढ.”

“अगं, तू एवढं मन घालून लिहिलंस.”

“आणि तू नाही का? पद्मजा, माझी काढ म्हणते ना मी.”

“शिंत्रेबाई, खबरदार!”

शुक्रवारी दोघंही ‘मी नाही’ म्हणून भांडत होती, आता ‘मीच’ म्हणून. काम होतं तिथंच. मी टेबलावर हात आपटला. “निम्मी निम्मी वाटून घ्या. चार जागांची काळजी बोलावणाऱ्यानं, म्हणजे ताईंनी घ्यायची, चारांची आलेल्यानं, म्हणजे सरांनी. ताई, परत आल्यावर लागणाऱ्या गोष्टी सरांच्या चारांत ठेवा. मधल्यामध्ये वापरून टाकायच्या त्या तुमच्या चारांत. आलेल्याचं काम छोटं असलं तर त्यानं सरांच्या चारांना हातच लावायचा नाही. मग कुणालाच काही जपत बसावं लागणार नाही.”

सरांनी बोटांवर चार आणि चार मोजून पाहिले.

“असंच तर असतं,” सर हळूच म्हणाले. “सगळ्या जगात असंच असतं. हे आपल्याला ठाऊक नव्हतं होय गं?”

“ठाऊक होतं,” ताई म्हणाल्या. “पण मग भांडायचं कशावरून?”

संध्याकाळपर्यंत सगळं लिहून झालं. दोघं खुर्चीला खुर्ची लावून बसली होती, पाटी मी उचलून जिन्यात ठेवली होती. कुठली गोष्ट कुठल्या रजिस्टरला द्यायची यावरून ताई सरांच्या पाठीत धपाटा घालत होत्या. प्रोग्राम चिपमध्ये मावला, नुसता मावला नाही, ऐसपैस बसला.

मंगळवारी आम्ही अण्णांच्या शेडमध्ये होतो. अण्णांसमोर ताई सरांना ‘अहो’ म्हणायच्या, डोक्यावरून पदर घ्यायच्या. माग सुरू झाला. देठ आला, पाकळ्या आल्या, एक फूल, दुसरं फूल. कांडी संपायची वाट बघत आम्ही उभे. अण्णांनी वाट बघितली नाही. फूल ऐन अर्ध्यात असताना त्यांनी स्वतः माग थांबवला, चांगली भरलेली कांडी काढून फेकली, नवी घातली आणि माग सोडला.

फूल उमललं. जिथून थांबलं होतं तिथूनच, पाकळीला पाकळी जुळवून.

अण्णांनी पुन्हा थांबवला. पुन्हा फूल नीट. मग त्यांनी देठावर थांबवला, पाकळीच्या टोकावर थांबवला, दोन फुलांच्या मधल्या रिकाम्या जागेत थांबवला. फूल काही चुकायला तयार नाही. शेवटी अण्णांचाच कामगार त्यांच्या कानाशी ओरडला, “अण्णा, आता कांड्या संपल्या की!”

अण्णांनी काठ हातात घेऊन फूल न् फूल तपासलं. मग सरांच्या खांद्यावर हात ठेवून ओरडले, “चाळीस! सगळ्या मागांना!”

मी नाचलेच. माझं मलाच कळलं नाही. आयुष्यात पुढे मी मोठमोठ्या कंपन्यांचे कंपायलर लिहिले, पण त्या लाल काठावरच्या फुलाएवढा आनंद मला परत झालेला नाही.

इकडे सर ताईंना काहीतरी सांगत होते. खडखडाटात ताईंना ऐकू जात नव्हतं.

“बंगळूरला नाही म्हणून कळवलं!” सर ओरडले.

“काय?”

“बंगळूर! नको म्हणालो!”

“कधी?”

“काल! फोन करून!”

ताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. “काल? अहो, काल कुठं ठाऊक होतं हे चालेल म्हणून?”

“तुझी बाजू वाचली ना!”

“काय वाचलं?”

सरांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती भरून ओरडायला सुरुवात केली. आणि नेमकी तेव्हाच इचलकरंजीची वीज गेली. शेडमधले सगळे माग एका दमात थांबले. त्या चिडीचूप शांततेत सरांचा आवाज पत्र्यापर्यंत घुमला:

“उपाशी राहीन, पण तुला सोडून कुठं जायचा न्हाई!”

शेडमधली सगळी डोकी वळली. कुणीतरी शीळ घातली. सरांचे कान लाल झाले. अण्णा आ वासून बघत होते.

ताई मात्र सरांकडे बघत होत्या. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता.

“आधी सांगायचंस की रे!” त्या म्हणाल्या. शांततेत तेही सगळ्यांना ऐकू गेलं. “मी शनिवारीच मिरजेहून बंगळूरची तिकिटं काढून बसलेय. दोन!”

“दोन?”

“मग काय तुला एकट्याला जाऊ देणार होते?”

पुढचं कुणी काय बोललं ते मला सांगता येणार नाही, कारण शेड हसण्यानं दणाणली होती. कामगार एकमेकांना टाळ्या देत होते, सर डोक्याला हात लावून मटकन सुताच्या गठ्ठ्यावर बसले होते आणि ताई हसत, रडत त्यांच्या पाठीत धपाटे घालत होत्या.

अण्णांनी डोळे पुसले. “तिकिटं काढलीच हैत तर जावा की,” ते म्हणाले. “चार दिस फिरून या दोघं. माग काय पळून चाल्लेत? आन् ही पोरगी हाय न्हवं सांभाळायला.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ते गेले. चार दिवस मी एकटीनं ऑफिस उघडलं, अण्णांच्या माणसांशी बोलले, सरांच्या खुर्चीत बसले, ताईंच्या मशीनवर काम केलं आणि भरपूर शिंकले. आणि ते परत आले तेव्हा सगळं होतं तसं त्यांच्या हवाली केलं.